फक्त पेटीचे सर

शहापुरात पाठीमागे सगळे त्यांना 'नाही-येत सर' म्हणत. समोर अर्थात नुसतं 'सर'. आमच्या शाळेत ते संगीत शिकवायचे. म्हणजे शाळेच्या कागदोपत्री संगीत, आणि त्यांच्या मते पेटी. पाचवीचा नवा वर्ग समोर बसला की ते ओळख करून देत, "मी तुम्हाले पेटी शिकवणार. तबला शिकवणार नाही, मले येत नाही. गाणं पेटीले लागते तेवढंच. नाच तर नाहीच नाही." एवढं बोलून ते शांतपणे पेटीचं झाकण उघडत.

'मला येत नाही' हे बाकीची माणसं मान खाली घालून सांगतात. सर ते असं सांगत, जसं कोणी आपल्या गावाचं नाव सांगावं. लाज नाही, तोरा नाही. एकदा मंदिरातल्या भजनाला तबलजी आला नाही. कोणीतरी तबला सरांपुढे सरकवला. "सर, तुम्हाले मात्रा तर समजते. नुसता ठेका धरा."

"मले मात्रा समजते," सर म्हणाले, "माह्या हाताले नाही समजत."

त्या दिवशी भजन नुसत्या टाळांवर झालं आणि सर अख्खा वेळ मन लावून पेटी वाजवत बसले. मंडळी नंतर कुरकुरली. लग्नात मंगलाष्टकं म्हणा म्हटलं तरी नाही, शाळेचा बँड बसवून द्या म्हटलं तरी नाही. आमचे मुख्याध्यापक वैतागून म्हणायचे, हा माणूस संगीताचा शिक्षक आहे की संगीताचा चौकीदार.

गंमत म्हणजे हे फक्त वाद्यांपुरतं नव्हतं. शहापूर हायवेवर, येणारे-जाणारे गाड्या थांबवून रस्ता विचारत. आमच्याकडे रस्ता विचारणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवणं म्हणजे पाहुण्याला पाणी न विचारण्यासारखं. ठाऊक असो नसो, हात कुठंतरी दाखवायचा. सर मात्र लुना थांबवत, गाव नीट ऐकून घेत आणि सांगत, "मालूम नाही." मग लुना सुरू करून निघून जात. मागे तो ड्रायव्हर आणि टपरीवरची माणसं एकमेकांकडे पाहत राहायची.

दिसायला उंच, काटक. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, गळ्यात तुळशीची माळ, आणि खिशात पेनच्या ऐवजी नखं काढायचं नेलकटर. वर्गात आले की आधी सगळ्यांचे पंजे पाहत. ज्याची नखं वाढली असतील त्याला जवळ बसवून स्वतः कापत, एकेक बोट धरून, न रागावता. आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांची नखं घरी कोणी कधी कापलीच नाहीत. ते काम सरांचं, असंच आयांनी धरलं होतं.

माझी नखं कापताना मी हात मागे ओढून घेत असे. त्याचं कारण सांगते.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी लहान होते. नवं गावठाण मिळालं ते शहापूरला सायकलनं जाता येईल इतपत अंतरावर. सरळ रेषेतल्या गल्ल्या, एकासारखं एक घर, सावलीला झाड नाही. बाबा मात्र रोज पाण्यावरच जात. ज्या पाण्याखाली आमचं घर होतं त्याच पाण्यावर डोंगा घालून मासे धरत, आणि माय ती मासळी भंडाऱ्याच्या बाजारात नेऊन विकत असे. सकाळी शाळेच्या आधी झिंगे सोलायचं काम माझं. साबण लावा, राख लावा, चिंच लावा, बोटांना वास राहायचाच. वर्गात एकदोन मुली माझ्याशेजारी बसायच्या नाहीत. त्यांनी कधी तोंडानं कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आठवीत असताना शाळेला कोणा माजी विद्यार्थ्याकडून वाद्यांची भेट आली. एक कीबोर्ड, एक गिटार आणि काळ्या पेटाऱ्यात एक व्हायोलिन. सरांनी सगळं पुसून संगीताच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. मी मधल्या सुट्टीत जाऊन म्हटलं, "सर, ते पाहू द्या ना." कोणतं, ते त्यांनी विचारलं नाही. पेटारा उघडून टेबलावर ठेवला.

आतली लाल मखमल, आणि त्यात ते लालसर लाकूड. डोंग्याच्या तळाला बाबा तेल लावत तेव्हा लाकूड असंच चमकायचं. मी हात पुढे केला.

"पाह्य," सर म्हणाले, "पण हात नको लावू. मले येत नाही हे. चुकलं तर सांगणार कोण?"

आणि त्यांनी पेटारा बंद केला.

मी ऐकलं ते फक्त 'हात नको लावू'. पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी हात इतके घासले की मायनं विचारलं, काय लागलं का म्हणून.

पुढे मुख्याध्यापकांनीच ते व्हायोलिन मला मिळवून दिलं. स्नेहसंमेलनात काहीतरी नवीन पाहिजे होतं, आणि मला इच्छा होती. भंडाऱ्यात बसस्टँडच्या बाजूला एक क्लास निघाला होता. बाहेर पाटी होती, 'सर्व वाद्ये शिकवली जातील'. क्लास चालवणारे दादा तरुण, हसरे आणि जीव लावणारे होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही वाकडं काही नाही. त्यांनी व्हायोलिनच्या मानेवरच्या काळ्या पट्टीवर रंगीत टिकल्या चिकटवल्या, टिकल्यांना आकडे दिले, आणि आकड्यांवर बोटं टाकून प्रार्थना बसवून दिली. व्हायोलिन हनुवटीखाली दाबायचं, डाव्या हातानं मान पक्की धरायची, गज मुठीत. व्हिडिओ पाहून ते स्वतःही तसंच शिकले होते. एकाच खोलीत एका कोपऱ्यात गिटार, दुसऱ्यात तबला, मधे नाचाची तयारी. दादा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत आणि सगळ्यांना म्हणत, "मस्त, मस्त, चालू ठेव."

संमेलनात टाळ्या पडल्या. बाबा पहिल्यांदा शाळेत आले होते, धुतलेला सदरा घालून. मुख्याध्यापकांनी सरांकडे पाहून म्हटलं, "बघा, होते की नाही?" सर टाळ्या वाजवत होते. त्यांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही.

त्यानंतरच्या वर्षात मी खूप वाजवलं. टिकल्यांवरून जितकी गाणी निघतील तितकी काढली. आणि हळूहळू डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. मग खांदा. मग करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या. एक दिवस सोलताना झिंगे डाव्या हातातून निसटायला लागले तेव्हा मायनं माझा हात धरून पाहिला आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या, जे करत असाल ते काही महिने बंद. मायला तेवढं पुरे होतं. "ज्या हातावर पोट भरायचं तो हात त्या पेटाऱ्यापायी घालवते काय?" ती म्हणाली.

दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "सुरुवातीले दुखतेच. सवय होईल." त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी व्हायोलिन परत करायला शाळेत घेऊन गेले. संगीताच्या खोलीत सर एकटे होते. एका पेटीचा फाटलेला भाता चिकटवत बसले होते.

"झालं शिकून?"

"हात दुखते, सर."

"कसं धरते ते दाखव."

मी दाखवलं. सर उठून माझ्याभोवती फिरले. समोरून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून अंगठा पाहिला. मग म्हणाले, "काय चुकून राहिलं ते मले सांगता येत नाही. पण पेटीवर कोणाचा खांदा असा कानाले भिडला असता, तर मी त्याले वाजवू दिलं नसतं."

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग तुम्हीच काहून नाही शिकवलं? माह्या हाताले मासळीचा वास येते म्हणून?"

सरांच्या हातात डिंकाचा कुंचला होता. तो तसाच राहिला.

"कोण बोललं असं?"

"कोणी नाही. मलेच वाटलं."

डिंक वाळून गेला. मग म्हणाले, "मले येत नव्हतं, पोरी. तेवढंच होतं." हे वाक्य त्यांनी एवढ्या हळू आवाजात कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "पण येत नाही म्हणून मी कपाट लावून मोकळा झालो. कोणाले येते, ते शोधायला पाहिजे होतं. ते माह्याकडून राहून गेलं."

व्हायोलिन त्यांनी ठेवून घेतलं नाही. "घरी ने. वाजवू मात्र नको. पेटाऱ्यात राहू दे," म्हणाले.

पुढच्या काही रविवारी ते लुना काढून कुठं जात होते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, की भंडाऱ्यात, मग तुमसरात, मग बसनं गोंदियाला आणि नागपूरला ते व्हायोलिन शिकवणाऱ्यांची घरं शोधत फिरत होते. गेले की विचारायचे, "तुम्ही कोणापाशी शिकले? किती वर्षं?" आणि मग, "मी एक शिकवणी बसून पाहू काय?" काहींनी बसू दिलं, काहींनी दारातूनच वाटेला लावलं.

एका रविवारी दुपारी ते आमच्या गावठाणात आले. बाबा नुकतेच पाण्यावरून आले होते. सरांना पाहून बाबांनी घाईनं खाट झटकली.

"बसा जी, गुरुजी."

सर बसले. त्यांनी सांगितलं, की नागपूरला एक बाई आहेत, आयुष्यभर व्हायोलिनच शिकवलं त्यांनी, दुसरं काही नाही. रीतसर शिकलेल्या, परीक्षा दिलेल्या, संगीत महाविद्यालयात शिकवलेल्या. पोरीचा हात त्यांनी पाहिला पाहिजे.

"आता कायले, गुरुजी?" माय दारातून म्हणाली. "डाक्टर बंद करा म्हणते."

"डॉक्टरले हात समजते. व्हायोलिनवरचा हात या बाईले समजते," सर म्हणाले. "त्या बंद म्हणाल्या तर मीच पेटारा वापस नेईन."

"न्यायचं कोणी? आमचा रविवारी बाजार राह्यते."

"मी नेईन. पहिल्या खेपेले तुम्ही चला, डोळ्यानं पाहून घ्या."

माय विचारात पडली. जेवणाची वेळ होती. तिनं सरांच्या गळ्यातली माळ पाहिली आणि ओशाळून म्हणाली, "तुम्ही मासळी नाही खात. आमच्या घरची भांडी तर सगळी..."

"भात शिजला आहे ना?"

"शिजला."

"मंग भात वाढा. वरण असन तर वरण."

सर आमच्या ओसरीत मांडी घालून बसले आणि मायनं वाढलेला वरणभात जेवले, दुसऱ्यांदा मागून. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी आत उभी राहून त्यांना जेवताना पाहत होते. हात धुताना त्यांनी मायला विचारलं, "तांदूळ कोणता हो हा?" माय हसली. तिथंच नागपूरचं ठरलं.

बाईंचं घर नागपूरच्या एका जुन्या वस्तीत होतं, तळमजल्यावर. बाई ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी मला वाजवायला सांगितलं. दोन ओळीही झाल्या नसतील, त्यांनी हात वर केला. "पुरे. ठेव खाली." मग त्यांनी ओल्या फडक्यानं सगळ्या टिकल्या काढून टाकल्या. मला वाटलं कोणी माझे डोळेच काढून घेतले.

मग त्यांनी मला सतरंजीवर बसवलं. डावी मांडी घातलेली, उजवा पाय थोडा पुढे. व्हायोलिनचं गोल वळलेलं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवलं, दुसरी बाजू खांद्याशी.

"आता डावा हात सोड."

मी सोडला नाही. पडलं तर?

"सोड," बाई म्हणाल्या. "पडलं तर माझं."

मी हात सोडला. व्हायोलिन तिथंच राहिलं, घोटा आणि खांदा यांच्यामध्ये, कोणी न धरता.

"व्हायोलिन हातानं धरायचंच नसतं," बाई म्हणाल्या. "धरायचं काम पायाचं आणि खांद्याचं. हात मोकळा पाहिजे. तू वर्षभर एका हातानं ओझंही उचललंस आणि त्याच हातानं धावायलाही गेलीस. दुखणार नाही तर काय?"

पहिल्या दिवशी एवढंच. बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. बाहेर आल्यावर माय सरांना हळूच म्हणाली, "एवढ्या दूर बसायलेच शिकायले आलो काय?"

"हो," सर म्हणाले. "बसणंच चुकलं होतं."

परतीच्या बसमध्ये, वाटेत मौद्याच्या आसपास, त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे मले उभ्या जन्मात समजलं नसतं. पाय. मी हाताकडंच पाहून राहिलो होतो."

कितीतरी महिने मी नुसता मोकळ्या तारांवर गज ओढत होते. गाणं नाही, सूर बदलणं नाही. मुंग्या पहिल्या पावसाळ्यातच गेल्या, खांदा त्यानंतर. दर रविवारी सर मला सकाळच्या बसनं नेत आणि संध्याकाळी आणून सोडत. बाईंकडे ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असत, हात मांडीवर, आवाज नाही. आठवड्यात मधल्या सुट्टीत मला संगीताच्या खोलीत बसवून ते फक्त एवढंच पाहत, की बाईंनी सांगितलं तसं मी बसले आहे की नाही. पाय बरोबर आहे का. अंगठा दाबते आहे का. सुराबद्दल एक शब्द बोलत नसत. मुख्याध्यापक एकदा दारातून म्हणाले, "सर, शेवटी शिकवायला लागलेच तुम्ही." सर म्हणाले, "शिकवून नाही राहिलो, राखण करून राहिलो. धानावर माणूस बसते ना, तसं."

बसमध्ये त्यांची एक तऱ्हा होती. ड्रायव्हरनं गाणी लावली, की ती कुठलीही असोत, सर बोलणं थांबवत. वाक्याच्या मधोमध. गाणं संपलं की त्याच शब्दापासून पुढे. एकदा ते म्हणाले, "माही करंगळी..." आणि गाणं लागलं. ते गाणं, मग त्याच्या पाठोपाठ दुसरं, मग बस बंद पडली, माणसं खाली उतरली, धक्का मारला, पुन्हा बसलो. ड्रायव्हरनं टेप बंद केला तेव्हा सर म्हणाले, "...करंगळी अजून झोपलेलीच आहे."

मग सांगितलं. लहानपणी ते भजनी मंडळात पेटी शिकले होते, एका भल्या माणसाकडून, जो मुळात मृदंग वाजवायचा. दोन बोटांनी पेटी. चांगली वाजायची, गावात नाव होतं. वीस-बावीस वर्षांचे झाल्यावर नागपूरला खऱ्या पेटीच्या गुरूकडे गेले. गुरूंनी ऐकून म्हटलं, तुझे कान चांगले आहेत, पण दोन बोटं सोडून बाकी हात मेलेला आहे. "त्यानं माह्या अंगठ्याले जागं केलं, अनामिकेले केलं. करंगळीले नाही करता आलं. उशीर झाला होता." त्यांनी हात पुढे करून करंगळी दाखवली. ती दिसायला आपल्या सगळ्यांसारखीच होती. "त्या भल्या माणसानं मले प्रेमानंच शिकवलं होतं," सर म्हणाले. "त्याचंच वाईट वाटते."

विशारदच्या परीक्षेत मी चांगल्या गुणांनी पास झाले तेव्हा बाईंनी पेढे मागवले. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "इतकी वर्षं खुर्चीवर बसलात. आज एकदा हातात घ्या." सरांनी पुष्कळ नाही म्हटलं. बाई ऐकेनात. शेवटी ते सतरंजीवर बसले. उजवा पाय पुढे, टोक घोट्यावर, खांदा सैल, मनगट बरोबर. बाई पाहतच राहिल्या. "अगदी माझ्यासारखं बसलात हो." मग सरांनी गज ओढला.

एसटीचा ब्रेक लागावा तसा आवाज आला. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा तसाच. बाईंना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं; डोळ्यांना पदर लावला त्यांनी. सरही हसत होते, लहान पोरासारखे. "पाहून पाहून बसणं आलं," ते म्हणाले, "वाजवणं नाही आलं." आणि व्हायोलिन त्यांनी दोन्ही हातांनी, जपून, मला परत दिलं.

सर रिटायर झाले आणि त्यांचा खरा उद्योग सुरू झाला. लाखनीकडच्या एका पोराला बासरी शिकायची होती. सरांनी त्याच्यासाठी बासरीवाला शोधला. कोणाला तबला, कोणाला सतार. त्यांच्याकडे कोणी पोराला घेऊन आलं की ते पेटी सोडून बाकी सगळ्यांना सांगत, "मले येत नाही," आणि मग चप्पल पायात घालत. "चला." कुठल्या गावात कोण काय शिकवतो, तो कोणाकडे शिकला, शिष्यांचे हात कसे आहेत, सगळं तोंडपाठ. काही आईबाप चिडत. भंडाऱ्यात क्लास असताना पोराला गोंदियाला कशाला न्यायचं? सर वाद घालत नसत. "तिथं एकदा बसून पाहा," एवढंच म्हणत, आणि स्वतः त्यांच्यासोबत बसून येत.

त्या क्लासवाल्या दादांकडेही ते गेले होते. मला हे दादांनीच पुढे सांगितलं. सर म्हणे दोन दिवस त्यांच्या क्लासमध्ये एका कोपऱ्यात बसले आणि निघताना म्हणाले, "गिटार तुम्हाले फार चांगली येते. तुमच्या गिटारच्या पोरांचे हात पाह्यले मी, मोकळे आहेत. तेवढीच शिकवा ना." दादांना आधी राग आला. मग काही दिवसांनी सरांनीच त्यांच्याकडे गिटार शिकणारी दोन पोरं पाठवली, मग आणखी. दादांच्या दारावर आता नवी पाटी आहे, 'फक्त गिटार' लिहिलेली. व्हायोलिनचं कोणी आलं की ते माझा फोन नंबर देतात. मी भंडाऱ्यात दोन खोल्यांत व्हायोलिन शिकवते. माय अजूनही बाजारातून येताना झिंगे घेऊन येते. मी सोलते, आणि शिकवणीला कोणी आलं की हात धुऊन बसते.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी सर दारात उभे राहिले. आता पुरते थकलेले, कानात मशीन, हाताशी एक लहान मुलगी. त्यांच्या शेजारची. तिला ते पेटी शिकवत होते; त्यांची ती शेवटची शिष्या.

"चाल माह्यासोबत," म्हणाले. "हिले नव्या बाईकडं टाकायचं आहे."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "पेटीच ना, सर?"

"पेटीच." ते खाली बसले. पोरीनं त्यांच्या मांडीवर हात ठेवला. "परवा हिनं वाजवलं, मी वा म्हटलं. ही म्हणते, 'आजोबा, मी चुकली होती.' वरचे सूर मले ऐकूच येऊन नाही राहिले. मशीन लावलं तर सगळं डब्यात वाजल्यासारखं." त्यांनी ते काही दुःखानं सांगितलं नाही. जसं एखादं दुकान बंद झाल्याचं सांगावं, तसं. "ही तर सांगते तरी. दुसरं पोरगं सांगणार नाही."

"मी दुसऱ्या बाईकडं नाही जात," पोरगी म्हणाली.

"जाऊन पाह्य. नाही आवडलं तर सांग." मग माझ्याकडे वळून, "पोरगी चांगली शिकली आहे, ही नवी बाई. मी तिच्याकडं चारदा बसून आलो. तेव्हा अजून थोडं ऐकू येत होतं."

आम्ही रिक्षानं गेलो. पितळेच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत त्या ताईंचं घर. ताई तरुण, नुकतं लग्न झालेल्या, पेटीत विशारद. त्या सरांच्या पाया पडायला वाकल्या तर सरांनी त्यांना अर्ध्यात धरलं. "आधी हिले ऐका," म्हणाले. पोरगी मागे वळून पाहत आत गेली. दार लोटलं गेलं. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर बसलो.

आतून पेटी सुरू झाली. सरांनी मान किंचित वाकडी केली, कानातलं मशीन बोटानं दाबलं, मग सोडून दिलं.

"काय वाजवून राहिली?"

"भूप, सर."

"बरोबर?"

मी ऐकू लागले. चढताना ठीक होतं. उतरताना तिचं बोट घसरलं, आणि पेटी थांबली. आतून ताईंचा आवाज आला, मग पोरीचा, बारीक. सर माझ्या तोंडाकडे पाहत होते. 'हो, छान' असं म्हणावं हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्या माणसाशी ते बोलता येण्यासारखं नव्हतं.

"चुकली, सर. ताईंनी थांबवलं."

"लगेच?"

"लगेच."

"मंग?"

"आता पुन्हा सुरू केलं. पहिल्यापासून."

सरांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि भिंतीला पाठ टेकून ऐसपैस बसले.

"मंग बस निवांत," ते म्हणाले. "वेळ लागन."